पेटीचा कोपरा, खडीचा जबडा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात अँगल, चॅनेल, गज, पत्रा, पाइप, मागाल ते मिळते. सिडकोने मुंबईच्या दाटीतून बाहेर काढून वसवलेल्या या बाजारातला जवळपास सगळा माल लाटलेला असतो, म्हणजे लालबुंद पोलाद रोलांमधून दाबत नेऊन लांब केलेला. वजन करायचे, गॅसने कापायचे, ट्रकवर चढवायचे. ओतीव पोलाद असे दुकानातून उचलून आणता येत नाही. त्याचा प्रत्येक तुकडा एका ठरावीक जागेसाठी, त्या जागी बसणाऱ्या माराचा विचार करून ओतलेला असतो. नवी मुंबईच्या आसपासचे बंदर, खाणी, रेल्वे आणि रसायनांचे कारखाने अशा तुकड्यांवरच चालतात. एरवी त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि ते जायला हवे.

न्हावा शेवापासून सुरुवात करू. 1989 मध्ये सुरू झालेल्या या बंदरात कंटेनरच्या रंगीत पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. पेटीचा पत्रा सोडा, तिचे आठ कोपरे पाहा. प्रत्येक कोपऱ्यावर एक पोकळ ठोकळा वेल्ड केलेला असतो, 178 मिलिमीटर लांब, 162 रुंद, 118 उंच, तीन बाजूंना भोके असलेला. त्याला कॉर्नर कास्टिंग म्हणतात. क्रेनच्या चौकटीतले चार खटके वरच्या चार भोकांत शिरतात, पाव फेरा फिरतात आणि अडकतात. मग 30 टनांची पेटीही त्या चार ठोकळ्यांवर लोंबकळत जहाजावर चढते. ट्रेलरवर, रेल्वेच्या डब्यावर, जहाजाच्या पोटात ती याच कोपऱ्यांनी जखडली जाते. मूळ रचना अमेरिकन अभियंता कीथ टँटलिंगर यांची. तिचे पेटंट जहाज व्यावसायिक माल्कम मॅकलीन यांच्या कंपनीकडे होते आणि 1963 मध्ये ते सर्वांना खुले केले गेले. माझ्या मते कंटेनरच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय, कारण त्यातूनच पुढे जगभर एकच माप ठरले आणि शांघायची पेटी न्हावा शेवाच्या क्रेनला न अडखळता उचलता येऊ लागली.

हा ठोकळा पोलादच का? बीडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, स्वस्त पडला असता आणि ओतायलाही सोपा. पण साध्या बीडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हिसका बसला की तडा त्या पापुद्र्यांच्या वाटेने धावतो. शिवाय त्याचे वेल्डिंग भरवशाचे नसते. जाड पत्रे जोडून ठोकळा केला तर आतल्या प्रत्येक काटकोनात एक जोड येतो, आणि ताण नेमका तिथेच साचतो. म्हणून कमी कार्बनचे ओतीव पोलाद. कार्बन 0.20 टक्क्यांच्या आत ठेवतात, नाहीतर वेल्डच्या कडेचा भाग कडक होऊन फुटतो. हिवाळ्यात उत्तरेकडच्या बंदरांत, शून्याच्या खालीही, हे पोलाद ठिसूळ होता कामा नये. थप्पीतल्या सर्वांत खालच्या पेटीचा भार कोपऱ्यांतून कोपऱ्यांत उतरत जातो. प्रमाणित चाचणीत एकेका खांबावर 80 टनांहून अधिक दाब देतात. जगातल्या बहुतेक पेट्या आजही चीनमध्ये बनतात. इतकी मोठी बंदरे चालवणाऱ्या आपल्या देशाने हे कोपरे स्वतः ओतावेत, असे मला मनापासून वाटते.

ओतणे मात्र सोपे नाही. बीड साधारण 1,350 ते 1,400 अंशांना साच्यात जाते. पोलादाला 1,600च्या आसपास न्यावे लागते. एवढ्या उष्णतेत वाळू वितळून तुकड्याला चिकटते. थिजताना पोलाद आकसते आणि जिथे शेवटी थिजते तिथे पोकळी राहते. ही पोकळी तुकड्यात न येता बाहेर यावी म्हणून साच्यावर रायझर ठेवतात. तो सर्वांत उशिरा थिजतो आणि तोवर खालच्या तुकड्याला रस पुरवत राहतो. नंतर तो कापून पुन्हा भट्टीत टाकतात, म्हणजे वितळवलेल्या मालाचा मोठा हिस्सा विक्रीला जातच नाही. साचा ज्यावरून घडवतात तो पॅटर्नही या आकसण्यापोटी मीटरमागे सुमारे 2 सेंटिमीटर मोठा करावा लागतो. रायझर कुठे आणि किती मोठा ठेवायचा यात साच्याची आखणी करणाऱ्या मेथड्सवाल्याचे खरे कसब आहे. हल्ली ते संगणकावर आधी ताडून पाहतात, पण वाळूचा ओलावा आणि लॅडलमधल्या, म्हणजे ओतायच्या भांड्यातल्या, धातूचा रंग अजूनही माणसाच्या नजरेलाच कळतो.

आता दगडाच्या खाणींकडे: तुर्भे, पावणे, कुंडेवहाळ. नवी मुंबईचे रस्ते आणि इमारती ज्या खडीवर उभ्या आहेत ती इथल्या काळ्या पत्थराची. क्रशरच्या दोन जबड्यांमध्ये पत्थर चिरडला जातो आणि त्या जबड्यांच्या प्लेटा मँगेनीज पोलादाच्या असतात. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 1882 मध्ये हे पोलाद शोधले: सुमारे 12 टक्के मँगेनीज, 1 टक्क्याहून थोडा जास्त कार्बन. साधे पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कडक होते. हे हजार अंशांपुढे तापवून पाण्यात बुडवले की चिवट होते. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. दगडाचा ठोका बसत जाईल तसा पृष्ठभाग कडक होत जातो, कठीणपणाच्या ब्रिनेल मापावर 200 पासून 500च्या आसपास. आतला गाभा मात्र चिवटच राहतो. कडक थर झिजला की त्याखाली नवा तयार होतो. म्हणूनच त्याला भोक पाडायला गेलात तर ड्रिलखालीच ते कडक होते, आणि प्लेट सुरुवातीपासूनच नेमक्या आकारात ओतावी लागते. त्यातला मँगेनीज साच्याच्या साध्या वाळूलाही खातो, म्हणून साच्याला मॅग्नेसाइटचा लेप देतात किंवा ऑलिव्हिन वाळू वापरतात. पण जिथे ठोका नाही, नुसती वाळू घासत जाते, तिथे हेच पोलाद लवकर झिजते. मार न बसता ते कडक होत नाही.

रेल्वेत रूळ जिथे रुळाला छेदतो तिथल्या क्रॉसिंगलाही हेच मँगेनीज पोलाद वापरतात, कारण प्रत्येक चाक तिथे आदळते. मालडब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, म्हणजे कासनब बोगीच्या, दोन्ही बाजूंच्या चौकटी आणि मधली आडवी तुळई, म्हणजे बोल्स्टर, हीही ओतीव पोलादाची.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि तळोज्याच्या रसायनांच्या कारखान्यांत मार दिसत नाही, तो आतून असतो. तिथल्या व्हॉल्व्हच्या पोटावर उठावाची अक्षरे असतात. डब्ल्यूसीबी म्हणजे साधे कार्बन पोलाद, पाणी, तेल आणि वाफेसाठी, सुमारे 425 अंशांपर्यंत. त्यापुढच्या वाफेला क्रोमियम-मॉलिब्डेनमचे डब्ल्यूसी6 किंवा डब्ल्यूसी9. सीएफ8एम हे निकेल-क्रोमियमचे स्टेनलेस. त्यातला 8 म्हणजे कार्बन 0.08 टक्क्याच्या आत, आणि एम म्हणजे मॉलिब्डेनम. क्लोराइड जिथे पोलादाला सुईच्या टोकाएवढी भोके पाडते तिथे हा मॉलिब्डेनम उपयोगी पडतो. एक अक्षर चुकीचे वाचून व्हॉल्व्ह बसवला तर काही महिन्यांत गळती सुरू होऊ शकते. या अक्षरांच्या शेजारी हीट नंबर असतो. तो तुकडा भट्टीच्या कोणत्या घाणीतला हे सांगतो, आणि त्याच घाणीतून ओतलेला चाचणीचा तुकडा ओढून, तोडून, रसायन तपासून दाखला दिलेला असतो. व्हॉल्व्ह विकत घेताना किंमत विचारण्याआधी तो दाखला मागावा, आणि त्यावरचा नंबर व्हॉल्व्हच्या अंगावरच्या नंबराशी जुळवून पाहावा.