विश्लेषण : पाऊस पडूनही माती कोरडी का राहते?

जूनमधली पहिली जोरदार सर. धडगावच्या डोंगरउतारावरून गढूळ पाणी नाल्याकडे धावते. पाऊस थांबल्यावर झाडाखालची माती उकरून पाहावी, तर काही ठिकाणी दोन बोटांखाली ती पिठासारखी कोरडी निघते. पाणी पडले, पण मुरले नाही. यामागे दगड, उतार, जनावरांच्या पायांनी घट्ट झालेली जमीन अशी कारणे असतात. एक कारण मात्र सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे पालापाचोळ्यातले मेण.

मातीला मेण कुठून येते?

पानांवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. पान कुजताना ते मेण, राळ आणि बुरशीने सोडलेली काही द्रव्ये मातीच्या कणांवर चढतात. माती ओली असेपर्यंत काही बिघडत नाही. उन्हाळ्यात ती पूर्ण वाळली, की हे लेपलेले कण पाण्याला दूर लोटतात. अळूच्या पानावर थेंब जसा गोल बसतो, तसाच तो मातीवर बसतो.

वाळूमिश्रित जमिनीतच हे जास्त का?

हिशेब पृष्ठभागाचा आहे. एक ग्रॅम जाड वाळूच्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग मिळून जेमतेम तळहाताएवढा भरतो. काळ्या मातीतल्या एक ग्रॅम चिकण कणांचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर असू शकतो. चिमूटभर मेण वाळूला पुरते, चिकण मातीत ते हरवून जाते. म्हणून खोऱ्यातल्या काळ्या शेतात हा प्रकार सहसा दिसत नाही. उतारावरच्या हलक्या, भरड जमिनीत त्याची शक्यता जास्त. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण आणि पश्चिम भागात तर लाखो हेक्टर वालुकामय शेती या त्रासात आहे. पेरलेले बी कुठे उगवते, कुठे कोरडेच राहते. तिथले शेतकरी हेक्टरी शंभर टनांहून अधिक चिकणमाती आणून वाळूत मिसळतात. आपल्याकडे गाळ टाकतात तसेच, फक्त कारण वेगळे.

आगीचा संबंध काय?

मोहाची फुले पहाटे गळतात. वाळल्या पानांत ती दिसावीत म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला पेटवण्याची पद्धत सातपुड्यासह मध्य भारतात जुनी आहे. पाला जळताना मेणाची वाफ होते. तिचा काही भाग खालच्या थंड मातीत शिरतो आणि कणांवर गोठतो. अमेरिकेतील मृदाशास्त्रज्ञ लिओनार्ड डिबानो यांनी कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर ही प्रक्रिया उलगडून दाखवली. माती १७५ ते २०० अंश सेल्सियसपर्यंत तापली तर पाणी झिडकारण्याचा गुण तीव्र होतो. २८० ते ४०० अंशांदरम्यान मेणच जळून तो नाहीसा होतो. त्यामुळे आग किती मोठी होती यापेक्षा जमिनीत किती उष्णता किती खोल गेली, हे महत्त्वाचे. वरची राख पाणी पिते आणि खालचा थर ते अडवतो. मग राखेसह वरची माती घसरते. अक्राणीच्या उत्तर उतारावरून ती उदईसारख्या नद्यांतून नर्मदेत जाते. ज्वारी-मका पावसावरच घेणाऱ्या घरासाठी गेलेली माती परत येत नाही.

मग पालापाचोळा वाईट का?

मुळीच नाही. असा निष्कर्ष काढून कोणी रान झाडून स्वच्छ केले, तर नुकसान दुप्पट. पाल्याचे आच्छादन थेंबांचा मार झेलते, ओल टिकवते. आणि ओल टिकली की मेणाचा परिणाम दबलेला राहतो. चांगले कुजलेले शेणखत मातीची पाणी धरण्याची ताकद वाढवते. अडचण येते ती अर्धवट कुजलेला मेणकट पाला, भरड माती आणि कडक उन्हाळा एकत्र आल्यावर.

फुले वेचण्याला पर्याय?

झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्याची पद्धत मध्य प्रदेश, छत्तीसगडमध्ये वापरली जाते. फुले स्वच्छ मिळतात, त्यांना भावही बरा येऊ शकतो. जाळीचा खर्च मात्र आधी करावा लागतो आणि एका घराची झाडे विखुरलेली असतात. ज्यांचे दोन महिन्यांचे रोख उत्पन्न मोहावर आहे, त्यांना ‘जाळू नका’ एवढेच सांगून भागणार नाही. जाळी नसेल तर पाला झाडून उतारावर आडव्या ओळीत रचता येतो. त्याला मेहनत लागते, पण पैसा लागत नाही.

घरच्या घरी कसे तपासाल?

पाला बाजूला करून कोरड्या मातीवर पाण्याचे काही थेंब सोडा आणि मनात आकडे मोजा. पाच सेकंदांत मुरले तर ठीक. पाच ते साठ सेकंद लागले तर सौम्य, त्याहून जास्त लागले तर तीव्र जलप्रतिकर्षण. मग एकेक सेंटिमीटर माती खरवडून पुन्हा पाहा, कारण दोष बहुधा वरच्या काही सेंटिमीटरमध्येच असतो. थेंब गोल न राहता पसरला आणि तरीही मुरला नाही, तर कारण मेण नसून घट्ट झालेली जमीन असू शकते. ही तपासणी मे महिन्यातच करावी. दोन-चार पाऊस होऊन माती भिजली, की थेंब सगळीकडे मुरू लागतो.