होडीचे क्षेम

'योगक्षेम' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्यात दोन निरनिराळ्या जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. जे आपणांपाशी नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळाले ते राखणे हे क्षेम. योगाच्या दिवशी घरात पेढे वाटले जातात, वस्तूस कुंकू लागते, शेजारीपाजारी पाहावयास येतात. क्षेमाकरिता कोणी पेढे वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ते काम मुकाट्याने, पुष्कळदा पावसात भिजून करावयाचे असते आणि ते नीट झाले तर झाले आहे असे कोणास समजतही नाही. न झाले तर मात्र सर्वांस समजते. हा धडा आम्ही जन्मभर मुलांना शिकविला. आमच्या पदरी मात्र तो एका होडीने साठी उलटल्यावर घातला.

आमच्या वडील बंधूंना, म्हणजे आमच्या दादांना, पाण्याचे वेड लहानपणापासूनचे. नोकरीत असताना ते पुरे करण्यास सवड मिळाली नाही. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून त्यांनी एक चौदा फुटी फायबरची होडी, तिचे लहानसे यंत्र आणि तिला मोटारीमागे ओढून नेण्याचा दोन चाकी ट्रेलर अशी खरेदी केली. मावळात पवना धरणाच्या जलाशयाकाठी पुतण्याने घर बांधले आहे. त्याच्या अंगणात ती ठेविली. नातवंडांनी तिचे नाव 'चिमणी' ठेविले. तो हिवाळा मोठा आनंदात गेला. चार बिऱ्हाडांचे आमचे कुटुंब. दर रविवारी कोणी ना कोणी तेथे जात असे. परवान्याचे कागद, अंगात घालावयाची तरंगती जाकिटे, सर्व दादांच्या शिस्तीत असे.

पुढे ज्येष्ठात दादांना हृदयविकाराचा झटका आला आणि घरातील सर्वांचे लक्ष रुग्णालयाकडे लागले. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला. दादांनी अंथरुणावरून आम्हांस एवढेच सांगितले, "अरे, चिमणीला पावसाआधी झाकून ठेव." आम्ही गेलो. निळ्या प्लॅस्टिकची जाड ताडपत्री आणली, होडीवर पलंगपोसासारखी ताणून अंथरली, कडा खालपर्यंत नेऊन दोरीने चोहोबाजूंनी इतक्या घट्ट बांधल्या की मुंगीला शिरावयास वाट राहू नये. कोपऱ्यांना विटा लोंबकळत सोडल्या. काम पाहून आम्हीच आमच्यावर खूष झालो आणि पुण्यास परतलो.

त्यानंतर दोन महिने तिकडे कोणी फिरकले नाही. पुतण्यास वाटले काका पाहत असतील. आम्हांस वाटले घर पुतण्याचे, तो पाहीलच. धाकट्या बंधूंस वाटले दोघे आहेत, तिसऱ्याचे काय काम? एकत्र कुटुंबातील वस्तू सर्वांची असते, आणि म्हणूनच अनेकदा ती कोणाचीच नसते.

श्रावणात जाऊन पाहिले तेव्हा ताडपत्री मध्यभागी फाटून आत लोंबत होती. होडी काठोकाठ भरली होती. ट्रेलरच्या एका बाजूचे कमानपाटे मोडून ती कुशीवर कलली होती, आणि जेथे लोखंडी आडवा दांडा तिच्या तळास टेकला होता तेथे हातभर तडा गेला होता. विटांनी वाऱ्यावर आपटून दोन्ही बाजूंचा रंग खरवडला होता. आतील पाण्यात पाने कुजली होती आणि डासांच्या अळ्या वळवळत होत्या. जलाशयात जी होडी एकदाही बुडाली नाही, ती जमिनीवर बुडाली.

दादा तोवर घरी आले होते. आम्ही सर्व हकीकत सांगितली. ते रागावले नाहीत. क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "तळाचे बूच काढले होतेस ना?" आम्ही खाली मान घातली. असे बूच असते आणि ते काढावयाचे असते, हे आम्हांस ठाऊकच नव्हते. आणि ठाऊक नाही हे विचारण्याचे आम्हांस सुचले नव्हते, हे त्याहून वाईट.

त्या रात्री आम्ही शाळामास्तराच्या सवयीने एक त्रैराशिक मांडले. होडीचे वरचे तोंड अजमासे पाच चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी, अर्थात एक किलो वजन. मावळात घाटमाथ्याजवळ पावसाळ्याच्या एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे एका दिवसात 500 किलो! रिकामी होडी यंत्रासह 250 किलोंच्या आत. ट्रेलर त्याच हिशेबाने बनविलेला. दोन दिवसांच्या पावसाने त्या बिचाऱ्या पाट्यांवर चौपट-पाचपट भार टाकला. पाणी तरंगत्या होडीस खालून उचलून धरते. तेच पाणी आत साठले म्हणजे तिचा वैरी होते.

आता दुरुस्तीस माणूस कोण? नोकरीच्या आरंभी आम्ही काही वर्षे रेवदंड्यास शिक्षक होतो. तेथील एका विद्यार्थ्याचे वडील तांडेल. वय ऐंशीच्या घरात. मुलाने त्यांना मोटारीत घालून आणले. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, फाटकी ताडपत्री बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, होडीवर छत्री धरायची असते, तिला गोधडी घालायची नसते."

या एका वाक्यात सर्व शास्त्र आले. आम्हांस एकदम रेवदंड्याचा किनारा आठवला. पावसाळा जवळ आला की कोळी आपल्या होड्या ओंडक्यांवरून वर ओढीत, दोन्ही अंगांस टेकू देत, आणि मध्ये उंच आडवा बांबू बांधून त्यावर माडाच्या झापांचे उतरते छप्पर करीत. पुढची आणि मागची तोंडे मात्र उघडी ठेवीत, म्हणजे वारा आरपार जाई. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्यावर ती छपरे उतरत. हे दृश्य आम्ही दर वर्षी शाळेच्या वाटेवर पाहिले होते. त्याचा अर्थ कधी पाहिला नव्हता. आज झापांच्या जागी बहुधा प्लॅस्टिक आले आहे. पण पाणी बाहेर आणि वारा आत, हा नियम बदललेला नाही.

तांडेलांपासून आणि पुढे अनुभवाने जे शिकलो ते, ज्यांच्या अंगणात अशी वस्तू असेल त्यांच्या उपयोगाकरिता, येथे क्रमाने सांगतो.

प्रथम जागा. धरणाचा जलाशय म्हणजे तळे नव्हे. वैशाखात पाणी दूर गेलेले असते आणि काठची सपाट जमीन मोहात पाडते. परंतु पाऊस लागला की तेच पाणी थोड्या दिवसांत वर येते. म्हणून धरण पूर्ण भरल्यावर पाणी जेथवर येते, त्याच्याही बऱ्याच वर ट्रेलर उभा करावा. मोठ्या झाडाखाली ठेवू नये. सावली बरी वाटते. पण पानांनी पाणी जाण्याचे भोक बुजते आणि वादळात फांदी मोडते. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढून पुण्याच्या बाजूस आले तेव्हा किती झाडे उन्मळली, हे आपणांस आठवत असेलच. त्याच कारणाकरिता ट्रेलर जमिनीत खोल रोवलेल्या खुंट्यांस बांधून ठेवावा.

दुसरी गोष्ट उतार. ट्रेलरचे पुढचे टोक उंच करावे, म्हणजे होडीची नाळ वर आणि मागची बाजू खाली राहील. तळाचे बूच काढावे आणि ते हरवू नये म्हणून सुकाणूच्या चाकास बांधून ठेवावे. पाण्यात उतरण्यापूर्वी ते परत बसविण्याची आठवणही त्यामुळे आपोआप होते. हे विसरल्यास काय होईल हे सांगणे नको.

तिसरी गोष्ट छप्पर. नाळेपासून मागपर्यंत मधोमध एक बांबू उंचावर बांधावा आणि त्यावरून कापड दोन्ही अंगांस तीव्र उतरते सोडावे, म्हणजे पाण्याला थांबावयास खोलगट जागाच मिळत नाही. शक्य तर हवा खेळू देणारे जाड कॅनव्हास घ्यावे. प्लॅस्टिक घेतल्यास ते होडीच्या अंगास चिकटू देऊ नये. कोंडलेली ओल उन्हाने वाफ होऊन वर जाते, रात्री थंडावून पुन्हा थेंबाथेंबाने खाली पडते. बुरशी धरते, आणि फायबरच्या अंगावर पुढे फोड येतात. आमच्या होडीची मागची फळी, जिच्यावर यंत्र बसते, बाहेरून चांगली दिसत होती. आतील प्लायवूड मात्र ओलीने पार कुजले होते. कापडाच्या कडांना विटा टांगू नयेत. दोर ट्रेलरच्या सांगाड्याखालून घेऊन बांधावेत. सुताचा दोर भिजला म्हणजे आखडतो आणि कापड फाडतो. नायलॉनचा भिजला म्हणजे अधिक ताणला जाऊन ढिला पडतो. म्हणून दर खेपेस दोर हाताने चाचपून पाहावेत.

चौथी गोष्ट ट्रेलर. होडीचे कौतुक सर्व करतात, ट्रेलरचे कोणी करीत नाही. वस्तुतः तो तिचा पाट आहे. होडीचा भार एखाद्या दांड्यावर न पडता गादी लावलेल्या लांब फळ्यांवर सारखा पसरला पाहिजे. पावसाळाभर चाकांवर भार ठेवू नये. आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाके अधांतरी करावीत आणि टायरांस उन्हापासून झाकावे. धावून तापलेली चाके लगोलग पाण्यात उतरवू नयेत. आतील तापलेली हवा एकदम आकुंचन पावते आणि पाणी आत ओढून घेते. ग्रीस बिघडते, बेअरिंग गंजते आणि मग एखाद्या घाटात चाक जाम होते. घटकाभर थांबून, चाके निवाल्यावर मगच उतरावे, आणि पावसाळ्यापूर्वी ग्रीस बदलून घ्यावे. सांगाड्याच्या पोकळ नळ्यांत पाणी साठून त्या आतून गंजतात, म्हणून त्यांची खालची तोंडे मोकळी ठेवावीत.

लोखंडाचा विषय निघाला म्हणून एक आठवण. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथात नौकांचे प्रकरण आहे. समुद्रावर जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असे त्यात सांगितले आहे. कारण असे दिले आहे, की पाण्यातील लोहचुंबक पाषाण ती ओढून घेतील. हे कारण आज कोणी मानणार नाही. परंतु लोखंड आणि पाणी यांची मैत्री नौकेला भोवते, एवढे तर आमच्या ट्रेलरनेही सिद्ध केले!

यंत्राविषयी थोडक्यात. बॅटरी काढून घरात ठेवावी. टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, ते हवेतील ओल शोषते आणि महिनोन्महिने पडून राहिल्यास पाणी वेगळे होऊन तळास बसते. होडी लाकडी असेल तर जमिनीपासून उंच ठेवावी, नाहीतर वाळवी लागते. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडास पाजतात, ते उत्तम. आणि पावसाळा गेला म्हणजे काळजी संपली असे नव्हे. उन्हातील अतिनील किरणांनी फायबरचा तुळतुळीतपणा जाऊन बोटाला खडूसारखी भुकटी लागते. हिवाळ्याच्या आरंभी धुऊन मेणाचा हात द्यावा आणि छप्पर उन्हाळ्यातही ठेवावे.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फेरी. डेंग्यूच्या डासास अंड्यातून निघून पंख फुटावयास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन कापडाच्या घडीतील, टायरातील, होडीच्या तळातील पाणी काढलेच पाहिजे. हे 'कोणीतरी' कोण, हे ज्या घरात ठरलेले नाही त्या घरात वरील सर्व उपाय व्यर्थ होत.

आमच्या घरात आता ते ठरले आहे. माजघरातील दिनदर्शिकेवर ज्येष्ठ ते आश्विन दर रविवारी एकेक नाव लिहिलेले असते: एका रविवारी पुतण्या, एका रविवारी धाकटी सून, एका रविवारी आम्ही. परत आल्यावर नावापुढे तीन अक्षरे लिहावयाची, 'बू, दो, पा'. म्हणजे बूच, दोर, पाणी पाहिले. नऊ वर्षांची नात हे लिहिल्यावाचून कोणास जेवू देत नाही.

दुरुस्तीस होडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा गेला. तो खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून दिला. दादा नको म्हणत होते, पण आम्ही ऐकले नाही. त्या मार्गशीर्षात चिमणी पुन्हा पाण्यात गेली. वैद्यांनी दादांना होडीत बसण्याची मनाई केली होती. ते काठावर खुर्चीत बसले. मुलांनी ट्रेलर मागे घेतला, चाके निवण्याची वाट पाहिली. होडी उतरणार तोच दादांनी हात वर केला. सर्व थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि नुसती भुवई उंचावली.

"बसविले आहे, दादा," आम्ही म्हणालो, "दोनदा पाहिले."

मग त्यांनी हात खाली घेतला.