सुती रेशा खाणारे एन्झाइम : बोगदेवाले आणि खाचवाले

पावसाळ्यात गोदामाच्या ओल्या भिंतीला लागलेल्या सुती ताग्यांवर बुरशी धरते. डाग पडला म्हणून आपण भावात सूट देऊन माल काढतो. पण डागापेक्षा मोठे नुकसान आत होत असते. बुरशी कापसाचा रेशाच खात असते. पॉलिएस्टरच्या ताग्याला ओल लागली तर डाग पडेल, रेशा शाबूत राहील.

हेच दुखणे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला जडले होते. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांच्या भागात त्यांचे सुती कॅनव्हासचे तंबू सडू लागले. तिथल्या सडक्या कॅनव्हासवरून वेगळी केलेली एक बुरशी लष्कराने जपून ठेवली आणि मॅसॅच्युसेट्समधील नॅटिक येथे एल्विन रीज व मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले. १९७७ मध्ये रीज यांच्या नावावरून तिचे नाव 'ट्रायकोडर्मा रीसाय' पडले. दुश्मन ओळखायला निघालेल्यांनी पुढे त्याच दुश्मनाला नोकरीला ठेवले. आज जीन्स धुण्यासाठी आणि सुती मालाच्या फिनिशिंगसाठी जे सेल्युलेज एन्झाइम वापरतात, त्यातले बरेचसे या बुरशीचे असते.

एन्झाइमला मराठी शाळेत विकर म्हणतात. आम्ही उर्दू शाळेत 'खामरा' शिकलो, खमीरचाच भाऊबंद शब्द. बुरशीला दात नसतात. ती हे खामरे बाहेर सोडते आणि ते रेशा तोडून त्याची साखर करतात. कापूस म्हणजे मुळात ग्लुकोज साखरेच्या हजारो मण्यांची माळ. अशा माळा एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की पाण्यात विरघळत नाहीत. मग या माळेत खामरा शिरतो कसा?

याचे उत्तर स्फटिकांतून मिळाले. शुद्ध एन्झाइमचे खडीसाखरेसारखे, पण अगदी बारीक खडे तयार करायचे, त्यांतून एक्स-रे सोडायचे आणि किरण कसे विखुरतात ते मोजून आतला प्रत्येक अणू कुठे बसला आहे याचा नकाशा काढायचा. स्वीडनमधील उप्साला येथील अल्विन जोन्स आणि फिनलंडचे शास्त्रज्ञ यांनी या बुरशीच्या एका एन्झाइमचा नकाशा १९९० मध्ये, तर मुख्य एन्झाइमचा १९९४ मध्ये छापला. पाहतात तो काय, मधोमध बोगदा! मुख्य एन्झाइमचा बोगदा सुमारे ५ नॅनोमीटर लांबीचा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले पाच. सुईत दोरा ओवावा तशी साखरेची माळ टोकाकडून आत जाते आणि दोन-दोन मणी तुटून बाहेर पडतात. माळ न सोडता एन्झाइम पुढे सरकत राहतो. जपानी शास्त्रज्ञांनी हे सरकणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि २०११ मध्ये दाखवले की पुढचा अडला तर मागे रांग लागते. भिवंडीच्या नाक्यावरचा ट्रॅफिक जॅमच म्हणा!

१९९७ मध्ये त्याच बुरशीच्या दुसऱ्या एन्झाइमचा नकाशा आला. घराणे तेच, पण बोगद्याचे छप्पर गायब, नुसती उघडी खाच. त्याला टोक शोधावे लागत नाही. माळेच्या मध्यावर कुठेही बसतो आणि तोडतो. नावे लांबलचक आहेत. आपण बोगदेवाला आणि खाचवाला म्हणू.

आता धंद्याचे. खाचवाला जिथे तोडतो तिथे नवी टोके तयार होतात आणि बोगदेवाल्याला काम मिळते. दोघे एकत्र आले की रेशा झपाट्याने खातात. बुरशीला तेच हवे, आपल्याला नको. आपल्याला फक्त वरची लव काढून कापड गुळगुळीत करायचे असते, किंवा जीन्सचा वरचा निळा थर उडवायचा असतो. पूर्वी जीन्सचे हे काम प्यूमिस दगड करीत. म्हणूनच कंपन्यांनी खाचवाले जास्त असलेली मिश्रणे काढली.

बायो-वॉशहून आलेला माझा एक लॉट हाताला मलमलीसारखा मऊ होता, आणि शिवणीवर ओढताच फाटत होता. प्रोसेसवाल्याने सुताला दोष दिला. सूत तेच होते. धुलाईनंतर एन्झाइम मारलाच नव्हता. आम्लधर्मी सेल्युलेज साधारण ५० अंश तापमानाला आणि ५ च्या आसपासच्या पीएचला जोरात चालतो. काम झाले की पाणी ८० अंशांवर नेऊन किंवा सोडा अॅश घालून पीएच १० पर्यंत चढवून त्याला मारावे लागते. तसे केले नाही तर ओल्या ढिगातही तो खातच राहतो.

बिलावर नुसते 'एन्झाइम' लिहिलेले असेल तर कोणते ते विचारा. खळ काढणारा अमायलेज फक्त स्टार्च खातो, सुताला हात लावत नाही. सेल्युलेज असेल तर माल देण्याआधी आणि घेतल्यावर सारख्याच सुकलेल्या तुकड्याचे वजन करा. बायो-पॉलिशमध्ये शेकडा तीन ते पाच घट सर्वसाधारण समजतात. त्याहून जास्त घट आली तर पैसे देण्यापूर्वी कापड ताणून पाहा. टीसी मालात फक्त सुती भाग खाल्ला जातो, त्यामुळे तिथे घटीचा हिशेब सुताच्या टक्क्यावर धरा.