शहात्तर मार्कांचा रेडिओ

प्रचार म्हटला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर मुठी आवळून गर्जणारा वक्ता आणि त्याच्यापुढे भारल्यासारखा उभा राहिलेला जनसमुदाय येतो. परंतु विसाव्या शतकात ज्या राजवटीचे नाव या विद्येशी कायमचे जोडले गेले, त्या नाझी जर्मनीचा कारभार बारकाईने पाहिला, तर गर्जना हा प्रचाराचा केवळ दर्शनी भाग होता आणि नित्याचे काम घरातल्या फळीवर ठेवलेला एक स्वस्त रेडिओ मुकाट्याने करीत होता, असेच आढळते.

मार्च १९३३ मध्ये योसेफ गोबेल्सच्या हाती प्रचाराचे स्वतंत्र खाते आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात बर्लिनच्या प्रदर्शनात 'फोल्क्सएम्फेंगर' हा जनतेचा रेडिओ मांडण्यात आला. हिटलर सत्तारूढ झाला ती ३० जानेवारीची तारीख यंत्राच्या ३०१ या क्रमांकातच गोवलेली होती. किंमत ७६ मार्क. पुढे १९३८ मध्ये ३५ मार्कांचे धाकटे यंत्र निघाले, आणि लोक त्याला 'गोबेल्सचे थोबाड' म्हणून मोकळे झाले. थट्टा केली खरी, पण यंत्र विकत घेतलेच.

आरंभीच्या उत्साहात भाषणांचा भडिमार झाला. १० नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या सीमेन्स कारखान्यातून हिटलर बोलला, तेव्हा देशभर भोंगे वाजले, कामे थांबली आणि कामगारांना एकत्र उभे राहून ते ऐकावे लागले. तथापि सक्तीने गोळा केलेला श्रोता कानाने हजर आणि मनाने गैरहजर असतो, हे गोबेल्स ओळखून होता. रेडिओच्या अधिकाऱ्यांना त्याची पहिली ताकीद होती ती कंटाळवाणे न होण्याची. म्हणून हळूहळू हलकेफुलके संगीत वाढले आणि युद्धकाळात दर रविवारी सैनिकांच्या फर्माइशींची मैफल सुरू झाली, जिच्यात आघाडीवरच्या बापाला घरी मूल जन्मल्याची वार्ता नभोवाणीवरून कळवली जाई. त्या वार्तेत तिळमात्र असत्य नव्हते. किंबहुना तिच्यातील जिव्हाळा अस्सल होता, आणि ज्या आवाजाने ती दिली त्याच आवाजाने पुढच्या घटकेला शत्रूविषयी काही सांगितले, तर त्याच्याशी हुज्जत घालण्याची बुद्धी कितीजणांना होणार? प्रचाराचे सामर्थ्य मला असत्यात तितकेसे दिसत नाही, जितके या घरोब्यात दिसते.

आता, असा रेडिओ कोणाचेही मन वळवू शकतो काय? नाझी सत्तेच्या काळातील रेडिओच्या परिणामाचा अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की यहुदीद्वेषाची परंपरा जेथे पूर्वापार रुजलेली होती तेथे नाझी प्रक्षेपणाचा प्रभाव अधिक पडला, आणि जेथे ती क्षीण होती तेथे त्याचा परिणाम उलटा झाला. प्रचार सहसा नवे बी पेरीत नाही, जमिनीत आहे त्याला पाणी घालतो.

याच बर्लिनहून १९४२ मध्ये आझाद हिंद रेडिओचे कार्यक्रम हिंदुस्थानी भाषांत, आणि त्यांत मराठीतही, होऊ लागले. सिंगापूर पडल्यावर त्या फेब्रुवारीत सुभाषबाबू स्वतःच्या नावाने बोलले, तेव्हा इंग्रज सरकारच्या दप्तरी तो शत्रूचा प्रचार होता, आणि ज्यांना स्वराज्याची आस होती त्यांना तो आपल्या नेत्याचा स्वर वाटला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, ही या विषयातली मोठी अडचण आहे. प्रचार ओळखण्याचे आपले कसब परक्याच्या बाबतीत फार तल्लख असते.

सप्टेंबर १९३९ मध्ये परदेशी केंद्रे ऐकणे हा जर्मनीत गुन्हा ठरला. ऐकणाऱ्यास सक्तमजुरी आणि ऐकलेले पसरवणाऱ्यास प्रसंगी देहदंडही. रेडिओच्या खुंटीला तशा इशाऱ्याची चिठ्ठी अडकवून ठेवावी लागे. एवढा बंदोबस्त करावा लागला, यावरूनच मक्तेदारीवाचून हा डोलारा उभा राहत नाही हे सरकारला पक्के ठाऊक होते असे दिसते. स्टालिनग्राडच्या पराभवानंतर चोरून ऐकणारे वाढले. मॉस्कोचे केंद्र पकडलेल्या जर्मन सैनिकांची नावे वाचून दाखवी, आणि ती ऐकणाऱ्यांपैकी काहीजण शिक्षेचे भय पत्करून, तुमचा मुलगा जिवंत आहे, असे त्या घरी कळवीत. मॉस्कोलाही त्यात आपला प्रचारच साधायचा होता.