यंत्र कोणाचें, यश कोणाचें?

करी रोडच्या पुलावर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें तर आज उंच इमारतींच्या कांचा चमकतांना दिसतात. एके काळीं तेथें गिरण्यांच्या धुराड्यांची रांग दिसत असे. त्या गिरण्यांच्या इतिहासांत १९१५ हें साल महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्-केंद्रांतून मुंबईस वीज येऊं लागली, आणि तोंपर्यंत स्वतःच्या बाष्पयंत्रावर चालणाऱ्या गिरण्या हळूहळू विजेकडे वळल्या. साचेखात्यांतील साचे तेच राहिले, विणकर तेच राहिले, कापडावर मारला जाणारा छापही तोच राहिला. परंतु साच्यांना फिरविणारी शक्ति आतां गिरणीच्या आवारांत उत्पन्न होत नव्हती. ती घाटाखालून, दुसऱ्याच्या कारखान्यांतून येत होती. मालकाची कोळशाची काळजी कमी झाली खरी. पण आपलें चाक फिरणें किंवा थांबणें परक्याच्या हातीं गेलें, ही नवी काळजी तिच्या जागीं येऊन बसली.

मोटारींच्या शर्यतींत उतरणाऱ्या संघांचें सारें आयुष्य याच काळजींत जातें. वर्तमानपत्रांत कधीं कधीं बातमी येते कीं, अमक्या संघानें अमक्या कारखान्याची साथ सोडून तमक्याची धरली. सामान्य वाचकास वाटतें कीं, हें एका दुकानची मोटार सोडून दुसऱ्या दुकानची घेण्यासारखेंच असावें. वस्तुतः तसें नाहीं. तो एका घरचा संसार मोडून दुसऱ्या घरीं मांडण्याचा प्रकार आहे.

या प्रथेचें मूळ अमेरिकेंत सांपडतें. तेथें 'स्टॉक कार' नांवाच्या शर्यती लोकप्रिय आहेत. 'स्टॉक' म्हणजे दुकानांत विक्रीस ठेवलेला माल. जी मोटार कोणीही गृहस्थ विकत घेऊं शकेल तीच शर्यतींत पळवावयाची, अशी मूळ कल्पना. 'नॅसकार' ही या शर्यतींची नियामक संस्था १९४८ सालीं स्थापन झाली, आणि १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथें तिची निव्वळ दुकानी मोटारींची पहिली शर्यत झाली. त्या पहिल्याच शर्यतींत एक बोधप्रद घटना घडली. ग्लेन डनवे नांवाच्या चालकाची फोर्ड मोटार सर्वांच्या पुढें आली. परंतु तपासणींत तिच्या मागील कमानींत फेरफार केलेला आढळला. डनवेचा विजय रद्द झाला आणि लिंकन मोटार चालविणारा जिम रोपर विजयी ठरला. म्हणजे, मोटार कारखान्याची किती आणि संघाच्या कारागिरांची किती, हा वाद या खेळाच्या जन्मदिवसापासूनचाच आहे.

पुढें नियम पालटत गेले. आजची शर्यतीची मोटार दुकानांतील मोटारीची केवळ बाह्य आकृति धारण करते. आंतील सांगाडा सर्वांना सारखा असून तो ठराविक पुरवठादारांकडून घ्यावा लागतो. तरीही कारखान्याचें नांव महत्त्वाचें राहिलें आहे, कारण एंजिन, बाह्य कवचाचा आकार, वायुबोगद्यांतील प्रयोगांचे निष्कर्ष, गणकयंत्रावरील आभासी धांवपट्टी आणि पैसा, हीं सर्व त्या नांवाबरोबर येतात. संघाजवळ चालक असतो, कारागीर असतात, कार्यशाळा असते. कारखान्याजवळ ज्ञान असतें. या दोहोंच्या संयोगानें मोटार धांवते.

हा संयोग कां तुटतो? पहिलें कारण अर्थातच वेगाची हांव. १९६९ सालीं रिचर्ड पेटी या विख्यात चालकानें जें केलें तें याचें उत्तम उदाहरण होय. तो क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ मोटारी चालवी. दोनच वर्षांपूर्वीं त्यानें एका हंगामांत सत्तावीस शर्यती जिंकल्या होत्या. त्याच कंपनीच्या डॉज मोटारीची आकृति वाऱ्यास अधिक सुसह्य आहे हें पाहून त्यानें ती मागितली. कंपनीनें नकार दिला. पेटी सरळ प्रतिस्पर्ध्याच्या दारीं गेला आणि एक हंगाम फोर्डसाठीं धांवला. तेव्हां कंपनीचे डोळे उघडले. १९७० सालीं टोंकदार नाकाची आणि पाठीवर उंच पंख धारण करणारी 'सुपरबर्ड' तयार झाली, आणि पेटी स्वगृहीं परतला. दुकानीं विक्रीसाठीं ठराविक संख्येनें मोटारी बनविल्याच पाहिजेत असा नियम असल्यामुळें सुमारें १९०० सुपरबर्ड सामान्य गिऱ्हाइकांकरितांही बनवाव्या लागल्या. एका चालकाच्या रुसव्यानें एका कारखान्याचा माल बदलला!

दुसरें कारण म्हणजे मान. मोठ्या घरांत अनेक मुलें असलीं म्हणजे प्रत्येकास वाटतें कीं, आपल्या ताटांत कमी पडतें. जो गिब्ज याच्या संघानें २००८ सालीं जनरल मोटर्सची जुनी साथ सोडून जपानी टोयोटाशीं करार केला. जनरल मोटर्सच्या पंक्तींत इतरही बलाढ्य संघ होते. टोयोटाला मात्र अशा एका आघाडीच्या संघाची निकड होती. त्याच वर्षीं मार्चमध्यें या संघाच्या काइल बुश यानें अटलांटा येथें टोयोटाला नॅसकारच्या मुख्य मालिकेंतील पहिला विजय मिळवून दिला.

तिसरें कारण भविष्याची चिंता हें असतें. पेन्स्के संघानें २०१२ च्या हंगामाच्या आरंभींच जाहीर केलें कीं, पुढील वर्षापासून आपण डॉज सोडून फोर्डच्या मोटारी पळविणार. त्याच वर्षीं डॉजनें या शर्यतींतूनच निवृत्त होण्याचें ठरविलें, आणि त्याच वर्षीं पेन्स्केच्या ब्रॅड केसेलोव्स्की यानें डॉज मोटारीतच विजेतेपद पटकाविलें. निरोपाचे विडे देऊन झाल्यावर घरांत असा उत्सव व्हावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

अमेरिकेचीं हीं उदाहरणें दूरचीं वाटतील. परंतु एक नाट्य असें घडलें आहे कीं, ज्यांत मुंबईचाच एक कारखानदार मुख्य पात्र होता. करी रोडहून लोअर परळ ओलांडून पश्चिमेस गेलें म्हणजे वरळी लागते. तेथें महिंद्र कंपनीचें मुख्य कार्यालय आहे. १९४५ सालीं 'महिंद्र आणि महंमद' या नांवानें निघालेली आणि फाळणीनंतर १९४८ सालीं आजचें नांव धारण केलेली ही कंपनी आरंभीं परदेशी विलिस जीपचे भाग जोडून गाड्या तयार करीत असे. दुसऱ्याचें यंत्र आणून आपलें नांव उभें करण्याची कला तिला त्या काळापासून अवगत होती. पुढें काळाचें चाक उलटें फिरलें, आणि दुसरे लोक तिच्या यंत्रावर आपलें नांव लावूं लागले.

'फॉर्म्युला ई' ही केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक मालिका १३ सप्टेंबर २०१४ रोजीं पेकिंग येथें सुरू झाली. पहिल्या दहा संघांत महिंद्रांचा एक संघ होता. पहिल्या वर्षीं सर्वांच्या मोटारी एकसारख्या होत्या. दुसऱ्या वर्षापासून विजेची मोटर, तिला वीज पुरविणारें परिवर्तक यंत्र आणि दंतचक्रांची पेटी स्वतः बनविण्याची मुभा मिळाली. १० जून २०१७ रोजीं बर्लिन येथें फेलिक्स रोझेनक्विस्ट यानें या संघास पहिला विजय मिळवून दिला.

याच मालिकेंत आब्ट नांवाचा एक जर्मन संघ होता. बव्हेरियांतील केम्प्टन हें त्याचें गांव. औडी कंपनीच्या साह्यानें त्यानें मोठें यश मिळविलें होतें. २०१६-१७ चें चालकांचें विजेतेपद त्याच्या लुकास दी ग्रासी यास मिळालें, आणि पुढील हंगामांत संघांचें विजेतेपदही त्यानें जिंकलें. परंतु २०२१ नंतर औडीनें ही मालिका सोडली. यंत्र गेलें आणि संघ पोरका झाला. एक हंगाम बाहेर काढून २०२३ मध्यें तो परत आला तेव्हां त्याच्या मोटारीच्या मागील भागांत मुंबईच्या महिंद्रांचें यंत्र होतें.

हें यंत्र घेणें म्हणजे काय, तें समजून घेतलें पाहिजे. या पिढीच्या मोटारीचा सांगाडा, तिची विद्युत्-घटमाला आणि पुढील चाकांवरील मोटर हीं सर्वांना समान होतीं. शर्यतींत ३५० किलोवॅटपर्यंत शक्ति देणारी मागील मोटर, तिचें नियंत्रण करणारी गणकप्रणाली आणि मागील चाकें तोलून धरणारे दांडे हे मात्र निर्मात्याचे. घटमालेंतील वीज मोजकी असते. अर्धी शर्यत संपतांना किती वीज शिल्लक ठेवावयाची आणि वेग कमी करतांना चाकांच्या गतीपासून किती परत मिळवावयाची, यावर जय-पराजय ठरतो. हा हिशेब त्या गणकप्रणालींत असतो. संघास ती वापरतां येते, तिच्या मर्यादेंत राहून डावपेंच रचतां येतात; पण मूळ यंत्राची आंखणी त्याला बदलतां येत नाहीं. गिरणीवाल्यास विजेचा दिवा लावतां येई, खोपोलीचें चक्र दुरुस्त करतां येत नसे, तसेंच हें.

१४ जानेवारी २०२३ रोजीं मेक्सिको येथें हंगाम सुरू झाला. आतां महिंद्रांकडे आलेला दी ग्रासी प्रथम स्थानावरून निघाला आणि तिसरा आला. त्याच शर्यतींत आब्टचा रॉबिन फ्राइन्स एका धडकेंत सांपडून त्याचा हात मोडला. पुढें ११ फेब्रुवारीस हैदराबाद येथें हुसेनसागराच्या कांठीं भारतांतील पहिली शर्यत झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनीं, २५ फेब्रुवारीस, केपटाऊन येथें खरी कसोटी लागली. तेथील रस्ता अतिशय वेगवान. पात्रता-फेरीपूर्वीं महिंद्रांनीं जाहीर केलें कीं, मागील चाकांच्या दांड्यांच्या सुरक्षिततेविषयीं शंका असल्यामुळें आपण मोटारी मागें घेत आहोंत. महिंद्रांच्या दोन आणि त्यांच्याबरोबर आब्टच्या दोन, अशा चारही मोटारी जागेवर उभ्या राहिल्या.

या प्रसंगाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. निर्मात्याच्या दृष्टीनें हा निर्णय जड होता. जगासमोर आपल्या कामांतील उणीव कबूल करणें कोणासही सोपें नसतें. परंतु ताशीं दोनशें किलोमीटरहून अधिक वेगानें धांवणाऱ्या मोटारीचा दांडा तुटला तर चालकाच्या जिवाची हमी कोण देणार? अब्रूपेक्षां जीव मोठा मानला गेला, हें योग्यच झालें. आब्टची स्थिति मात्र निराळी होती. त्याचे कारागीर दक्षिण आफ्रिकेपर्यंत आले, त्यांनीं रात्री जागविल्या, चालक सज्ज झाले. आणि ज्या भागाची आंखणी त्यांनीं केली नव्हती, त्याच्या दोषासाठीं त्यांना हात बांधून उभें राहावें लागलें. यंत्र परक्याचें असलें म्हणजे यश वांटून मिळतें. अपयश मात्र पुरतें आपल्या दारीं येतें.

तरीही संबंध तत्काळ तुटला नाहीं. २३ एप्रिल २०२३ रोजीं बर्लिन येथें पावसांत झालेल्या पात्रता-फेरींत आब्टच्या फ्राइन्स आणि म्युलर यांनीं पहिलीं दोन स्थानें पटकाविलीं. ओल्या रस्त्यावर चालकाचें कौशल्य अधिक चाललें. शर्यतींत मात्र मोटारी मागें पडल्या. त्या हंगामाच्या शेवटीं आब्ट सर्वांत तळाशीं आणि महिंद्र त्याच्या लगेच वर होता. पुढील हंगामांत दी ग्रासी आब्टकडे परतला, आणि वर्षअखेर गिऱ्हाईक निर्मात्याच्या एक पायरी वर गेलें. यांत आश्चर्य नाहीं. २०२३ सालीं एन्व्हिजन या संघानें जॅग्वारकडून घेतलेल्या यंत्रावर धांवून संघांचें विजेतेपद मिळविलें, आणि खुद्द जॅग्वारला दुसऱ्या स्थानावर समाधान मानावें लागलें. म्हणजे केवळ यंत्रानें भागत नाहीं, हें सिद्ध झालेलेंच आहे.

मग आब्टनें महिंद्रांची साथ कां सोडली? त्याला गिऱ्हाईक राहावयाचें नव्हतें. लोला हा जुना ब्रिटिश कारखाना नव्यानें उभा राहत होता; जपानच्या यामाहा कंपनीशीं मिळून तो विजेचें यंत्र तयार करीत होता, आणि त्याला स्वतःचा असा एकच संघ हवा होता. २०२४ च्या अखेरीपासून आब्ट त्या घरचा झाला. आतां यंत्राच्या आंखणींत त्याच्या अनुभवास मान होता. परंतु दुरून डोंगर साजरे! नवें यंत्र शिकून घेण्यास वेळ लागतो. एप्रिल २०२५ मध्यें मायामी येथें दी ग्रासी दुसरा आला, हा एक सोन्याचा दिवस सोडला तर तो हंगाम आब्टला तळाशींच काढावा लागला. उलट महिंद्रांनीं त्याच हंगामांत संघांमध्यें चौथें स्थान मिळविलें. आब्ट ज्या घरांतून निघाला, त्या घराची भरभराट तो निघाल्यावर झाली.

यावरून आब्ट चुकला असें म्हणणें उतावीळपणाचें होईल. शर्यतीच्या धंद्यांत संघापुढें दोनच मार्ग असतात: तयार यंत्र घेऊन त्याच्या गुणदोषांसह राहणें, किंवा अपुऱ्या यंत्राबरोबर स्वतःही वाढणें. पहिल्या मार्गांत श्रम कमी आणि परावलंबन अधिक. दुसऱ्यांत सत्ता अधिक आणि धीर फार लागतो. कोणता मार्ग बरोबर, तें एका हंगामाच्या गुणांवरून ठरत नाहीं. जेथें मोटारीचा दांडा कमकुवत असल्याची शंका येते, तेथें 'आज धांवावयाचें नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हातीं आहे, यावरून तें ठरतें.

करी रोडच्या गिरण्यांनीं विजेशीं सोयरीक केली तेव्हां तोच प्रश्न मुंबईपुढें निराळ्या रूपानें उभा होता. धुराडीं गेलीं, साचे थांबले, त्या जागीं कांचेच्या इमारती आल्या. प्रश्न मात्र गेला नाहीं. तो आतां ताशीं शेंकडों किलोमीटरच्या वेगानें, आवाज न करतां, विजेच्या मोटारींतून धांवतो आहे.