जनावरांची कातडी – भाग ९ : म्हैस आणि डबकं

शिंगांचा भाग या आठवड्यात देणार होतो. तो पुढे ढकललाय. घामाच्या ग्रंथींवरचा मागचा भाग वाचून सांगोल्याकडच्या एका पशुपालकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. ते लिहितात, ‘म्हशीची कातडी बैलापेक्षा जाड. तरी बैल भर उन्हात औत ओढतो आणि म्हैस नुसती उभी राहूनही धापा टाकते. मग त्या जाड कातडीचा उपयोग काय?’

खिलार बैल आणि पंढरपुरी म्हैस एकाच दावणीला बांधणाऱ्या माणसालाच असा प्रश्न पडतो. पुस्तकात वाचून तो पडत नाही.

आधी जाडीचं बघू. कातडीची जाडी मुख्यतः मधल्या थराची, म्हणजे अंतस्त्वचेची असते आणि तो थर कोलॅजेनच्या तंतूंनी गच्च विणलेला असतो. जनावर मेल्यावर कमावून आपण ज्याचं चामडं करतो, ते हेच. कोल्हापुरी चपलेच्या तळाला म्हशीचं कातडं लागतं ते या विणीसाठी. झुडपांतून जाताना, शिंगं मारताना, अंग घासताना ही वीण म्हशीला उपयोगी पडते. उन्हाशी तिचा संबंध थोडाच. पोटातली उष्णता कातडीपर्यंत आणून सोडायचं काम रक्त करतं आणि म्हशीच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं उत्तम असतं. उष्णता पृष्ठभागापर्यंत येऊन पोहोचते. अडचण तिथून पुढे आहे. ती बाहेर टाकायची कशी?

जाड कातडीला काही कळत नाही, ही समजूतही इथेच मोडून ठेवतो. म्हशीच्या फऱ्यावर माशी बसली की तेवढाच भाग थरथरतो. कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो, तो ही थरथर करतो. माणसाला मानेपुढचा थोडासा भाग सोडला तर हा स्नायू उरलेला नाही. म्हणून आपल्याला डास हातानंच मारावा लागतो.

आता केस. गाय असो की म्हैस, केसाच्या मुळाशी एक घामाची ग्रंथी, हा हिशेब मागच्या वेळी सांगितलाच आहे. आता त्याच्यापुढची गंमत. केसांची मुळं वासरू पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मानंतर नवीन मुळं धरत नाहीत. म्हशीचं पारडू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर दाट, तपकिरी लव असते. वजन तीस-पस्तीस किलो. तेच पुढे पाचशे किलोचं होतं तेव्हा कातडीचं क्षेत्रफळ ढोबळ मानानं सहापट झालेलं असतं आणि केसांची मुळं तेवढीच. ती एकमेकांपासून लांब जातात, त्यांच्याबरोबर घामाच्या ग्रंथीही. कालवडीतही हेच घडतं, पण तिची सुरुवातीची पुंजी मोठी असते. पूर्ण वाढलेल्या म्हशीच्या अंगावर चौरस सेंटिमीटरमागे घामाच्या ग्रंथी किती, याच्या मोजण्या एकसारख्या येत नाहीत. तरी गायीच्या साधारण एक दशांश हा आकडा पाठ्यपुस्तकांतून चालत आला आहे. देशी गायीचं पारडं त्यातही जड. तिच्या ग्रंथी मोठ्या, पिशवीसारख्या फुगीर आणि पृष्ठभागाजवळ असतात.

त्यात रंगाची भर. बहुतेक खिलारांच्या अंगावर केस पांढरे आणि खाली कातडी काळसर, ही मला माणदेशाच्या उन्हासाठी सुचलेली सर्वांत हुशार जोडी वाटते. पांढरा केस ऊन परतवतो आणि जे निसटून आत येतं त्यातले अतिनील किरण काळी कातडी अडवते. म्हशीकडे दुसरी सोय आहे, पहिली नाही. विरळ केसांतून ऊन थेट काळ्या कातडीवर पडतं आणि ती ते शोषून घेते. म्हणून मे महिन्यात दुपारी उन्हात बांधलेल्या म्हशीचा ताप झरझर चढतो. सावलीत नेली, पाणी मारलं की तो उतरतोही तसाच लवकर. नवखा डॉक्टर उन्हातून आणलेल्या म्हशीला लगेच थर्मामीटर लावतो आणि तापाचं इंजेक्शन भरायला घेतो. अर्धा तास थांबावं, मग लावावं.

एका बाबतीत मात्र म्हैस गायीच्या पुढे आहे. तिच्या तेलग्रंथी मोठ्या आणि चांगल्या चालणाऱ्या असतात. उन्हात हा स्निग्ध लेप पातळ होतो, अंग चकाकतं आणि थोडं ऊन परतवलं जातं. पण त्याचं मोठं काम पाण्यात आहे. दिवसातले तास न् तास गढूळ डबक्यात काढूनही म्हशीची कातडी फुगत नाही, सडत नाही, ती या लेपामुळे.

इथवर आलो की उत्तर समोर दिसायला लागतं. या कातडीनं घाम गाळायचं काम जवळजवळ सोडून दिलंय आणि पाण्यात बसून राहायची तयारी मात्र पक्की केली आहे. माझं म्हणणं असं की म्हशीच्या कातडीचा एक थर तिच्या अंगाबाहेर आहे आणि तो म्हणजे डबकं. ते काढून घेतलं तर तिची अवस्था घामाच्या ग्रंथी खरवडून काढलेल्या गायीसारखी होते. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हा सौदा तोट्याचाही नाही. घाम वाळला तरच गारवा देतो आणि वाळायला हवा कोरडी लागते. कोकणात जूनच्या तोंडाशी माठातलं पाणी गार होत नाही ते याच कारणानं. त्या हवेत गायीचा घाम नुसता ओघळतो. पाण्यात बसलेल्या म्हशीला हवेतल्या दमटपणाचं काही देणंघेणं नसतं. पाणी अंगापेक्षा थंड असलं की पुरे, कारण हवेच्या तुलनेत पाणी सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हशीचे पूर्वज नद्यांच्या काठी आणि दलदलीत वाढले. त्या ओल्या, कोंदट हवेत घामावर भिस्त ठेवणाऱ्याचा निभाव लागणं कठीणच होतं.

आपल्याकडच्या म्हशी नदीच्या जातकुळीतल्या, पन्नास गुणसूत्रांच्या. आग्नेय आशियात भातशेती करणारी दलदलीतली म्हैस अठ्ठेचाळीस गुणसूत्रांची. नदीवालीला वाहतं, स्वच्छ पाणी आवडतं, दलदलवाली चिखलात लोळते. अर्थात पाणी आटलं की आपली पंढरपुरीही चिखलाला नाही म्हणत नाही आणि त्यात तिचं नुकसान नाही. १९६०च्या दशकात डुकरांवर मोजणी झाली होती (डुकराला उष्णता घालवण्यासाठी घाम येतच नाही म्हटलं तरी चालेल). अंगावर साधं पाणी लावलं तर पाव तासात त्याचा गारवा संपला, चिखल लावला तर सुमारे दोन तास टिकला. शिवाय चिखल वाळून गळतो तेव्हा गोचिडं सोबत घेऊन जातो. गायीच्या मानानं म्हशीवर गोचिडं कमी दिसतात, त्यात या चिखलाचा वाटा आहेच.

  

सांगोल्याच्या पत्रात खरी मेख शेवटच्या ओळीत होती. तलाव लांब आहे, बोअरला पाणी कमी, करायचं काय? थोडा हिशेब मांडू. पाचशे किलोच्या म्हशीचं सगळं अंग एक अंश सेल्सियसनं थंड करायला सुमारे चारशे किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. एक लिटर पाणी अंगावरून वाळून गेलं तर सुमारे ५८० किलोकॅलरी नेतं. म्हणजे वाळणारं एक लिटर पाणी अंगावरून वाहून गटारात जाणाऱ्या चार बादल्यांपेक्षा जास्त काम करतं. पाइप लावून एकदाच धुवून काढण्यापेक्षा दुपारी अर्ध्या-पाऊण तासानं कातडी भिजेल इतकंच पाणी मारा आणि समोर पंखा लावा. माणदेश, मराठवाडा, विदर्भ अशा कोरड्या हवेत याचा चांगला गुण येतो. ओलं पोतं पाठीवर टाकून ठेवू नका. ते वाळलं की वारा अडवतं. कोकणात फवारे लावून पैसे घालवू नका, तिथे डुंबायला जागाच हवी.

हे नुसतं दुधासाठी सांगत नाही. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका होतो. ती ओरडत नाही, गोठ्यात कुणाच्या लक्षात येत नाही आणि पुढचा माज येईपर्यंत एकवीस दिवस वाया जातात. अंग गार राहिलेल्या म्हशी या बाबतीत बऱ्या असतात.

भादरण्याविषयी दोघांनी विचारलंय. म्हैस भादरावी, पण उवांसाठी आणि अंग नीट धुता यावं म्हणून. उन्हाचा ताप भादरून कमी होत नाही. मुळात अडवायला तिथे केस आहेतच किती?

आणि एक खबरदारी. सडाच्या कातडीला केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलग्रंथीही नाहीत. बाकी अंगाला मिळणारा तो लेप तिथे पोहोचत नाही. त्यातच धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी पुरतं मिटलेलं नसतं. अशा वेळी म्हैस थेट डबक्यात बसली की घाण पाणी वर चढायला वाट मोकळी आणि कासेला दगडीची, म्हणजे कासदाहाची, सुरुवात. धार झाली की गव्हाणीत कडबा टाका, तिला तासभर उभी राहू द्या, मग पाण्यावर सोडा.

तेलग्रंथींचा विषय निघालाच आहे तर अकोले-इगतपुरीकडच्या डांगी जनावरांचं नाव घ्यायला हवं. त्यांच्या कातडीतून पाझरणारं तेल मुसळधार पाऊस अंगावर टिकू देत नाही. त्यावर एक अख्खा भाग लागेल. शिंगांनी अजून एक आठवडा थांबावं.