कामावरचा जाच : सोसावा की सांगावा?

आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांचे आता केवळ शेतीवर भागत नाही. थोरला मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, सून काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसते, कोणी मुकादमाच्या टोळीत ऊसतोडीला असतो. ही माणसे संध्याकाळी घरी येतात आणि अर्ध्या जेवणावरून उठतात, मुलांवर विनाकारण खेकसतात. विचारले तर "काही नाही, दमलोय" एवढेच उत्तर. खोदून विचारावे तेव्हा कळते की काम जड नाही, जाच जड आहे. चारचौघांत आईवरून शिवी, कामावर येऊनही खाडा मांडणे, सर्वांत घाण काम रोज एकाच्याच वाट्याला, आणि वर इतरांचे हसणे.

कोंबड्या पाळणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. खुराड्यात कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या एका शास्त्रज्ञाने १९२१ च्या सुमारास तिचा पद्धतशीर अभ्यास मांडला, पण आपल्या आजीबाईंना ती आधीपासून ठाऊक होती. जागा अपुरी पडली, खाद्य कमी झाले, की टोचणे वाढते. एकीच्या अंगावर रक्त दिसले की साऱ्याजणी तिच्यावर तुटून पडतात. जाणती बाई अशी कोंबडी वेगळी काढते, जखमेला जांभळे औषध लावते, खाद्याची भांडी वाढवते. कोंबडीला "सोस" असे कोणी सांगत नाही. माणसाला मात्र आपण सांगतो, आणि त्यासाठी ख्रिस्ताचे नाव घेतो!

रोजच्या अपमानाने शरीरही झिजते. भीती वाटली की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात. साप दिसला तर हे उपयोगाचे, कारण साप गेला की सारे शांत होते. मुकादम मात्र उद्याही तेथेच असतो. मग झोप उडते, पोटात जळजळते, डोके दुखते, रक्तदाब असलेल्याचा आजार बळावतो. काहीजण दारूने झोप आणतात. ती झोप लवकर मोडते आणि सकाळ अधिक उदास उगवते.

"दुसरा गाल पुढे करा" हे प्रभूचे वचन सूड घेऊ नका असे शिकवते. गप्प बसा असे ते शिकवीत नाही. महायाजकासमोर चौकशी चालली असता एका शिपायाने येशूच्या तोंडात मारली, तेव्हा त्याने उलट हात उगारला नाही. पण माझे चुकले असेल तर दाखव, नाहीतर मारतोस का, असे त्याला सरळ विचारले. योहानाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय घरी वाचून पाहावा.

आणि याकोब तर आपल्यासारखाच गुरेमेंढरे राखणारा. लाबान मामाकडे त्याने वीस वर्षे राबून काढली, मामाने दहा वेळा मजुरी बदलली. उत्पत्तीच्या ३१ व्या अध्यायात एक बारीक गोष्ट आहे, ती आपण वाचताना सोडून देतो. याकोबाने राहेल आणि लेआ यांना रानात कळपाजवळ बोलावले आणि मनातले सारे प्रथम त्यांना सांगितले. मग देवाच्या आज्ञेने तो तेथून निघाला. म्हणजे घरच्यांना सांगणे हा दुबळेपणा नव्हे, आणि असे काम सोडून जाणे हा पळपुटेपणाही नव्हे. माझे मत विचाराल, तर नवऱ्याने बायकोपासून हे लपवणे हीच अर्धी दुखणी.

तेव्हा एक साधी वही करावी. तारीख, वेळ, काय बोलले, कोण हजर होते, किती पैसे कापले, एवढेच लिहावे, विशेषणे नकोत. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभूने क्रम सांगितला आहे : आधी एकट्याने बोलावे, मग एकदोघांना बरोबर न्यावे, मग मंडळीपुढे मांडावे. पण जेथे एकट्याने जाण्यात धोका आहे, विशेषतः स्त्रियांना, तेथे पहिली पायरी गाळावी. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे जेथे कामाला आहेत तेथे तक्रार समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत द्यावी. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घेण्यास मदत केली पाहिजे.

मजुरी बुडवली असेल तर कामगार खात्याच्या कार्यालयात जावे, एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून.

आता घरच्यांसाठी एक काम, तेही आजच. फवारणीचे औषध माजघरात किंवा गोठ्याच्या वळचणीला उघडे ठेवू नका. पेटीत घालून कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. जीव द्यावा ही लहर पुष्कळदा थोड्याच वेळाची असते. तेवढ्यात विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्या निम्म्याने खाली आल्या. कोणी "मी नसलो तर बरे" असे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका. सरकारची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून रात्रंदिवस, फुकट आणि अनेक भारतीय भाषांत चालू आहे. मिशनवाड्याचे दारही वाजवावे, मिस्साची वेळ पाहत बसू नये.